ठेंगणी मोटार आणि तिची चाके

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवावयाची असली, की गावचा लोहार प्रथम चाकाचा घेर मोजतो आणि मग पट्टी कापतो. पट्टी आधी कापली आणि चाक मागाहून मोजले, असा प्रकार कोणत्याही गावात घडत नाही. कारण चुकीच्या मापाची धाव एक तर चढत नाही, किंवा चढलीच तर वाटेत निखळते. पिढ्यानपिढ्या चालत आलेला हा साधा क्रम मोटारीच्या चाकांच्या बाबतीत मात्र पुष्कळदा उलटा होतो. दुकानाच्या काचेमागे एखादे चकचकीत अलॉय चाक दिसते, मन त्यावर बसते, पैसे मोजले जातात, आणि ते चाक आपल्या गाडीत मावते की नाही, हा प्रश्न मग उभा राहतो. गाडी मूळच्या उंचीची असेल, तर ही चूक कित्येकदा पोटात घातली जाते. परंतु गाडी खाली बसविलेली, गॅरेजच्या भाषेत ‘लोअर’ केलेली असेल, तर तिच्या चाकाभोवती चूक सामावून घेण्याइतकी जागाच उरलेली नसते.

मोटार ठेंगणी करण्याची ही हौस आजकालची नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात, विशेषतः तेथील मेक्सिकन वंशाच्या तरुणांमध्ये, ती चांगलीच रुजली. रस्त्याला टेकेल इतकी खाली बसविलेली मोटार संथ गतीने मिरवीत न्यावयाची, हा तिचा थाट. १९५८ साली तेथे एक कायदा अमलात आला. फेरफार केलेल्या मोटारीचा, चाके वगळता, कोणताही भाग चाकाच्या रिमच्या तळाहून खाली असता कामा नये, असे त्याने ठरविले. पुढच्याच वर्षी रॉन अगिरे नावाच्या तरुणाने विमानातील जलदाबयंत्रणेचे जुने भाग आपल्या कॉर्व्हेट मोटारीत बसविले आणि कळ दाबताच गाडी वर-खाली करण्याची सोय करून त्या कायद्याला बगल दिली. तो कायदा २०२४ च्या आरंभी रद्द झाला. तथापि त्यातील मोजपट्टी विसरण्यासारखी नाही. टायर एकाएकी फुटला, तर गाडी रिमवर उतरते. त्या क्षणी रिमच्या आधी जर गाडीचे पोट रस्त्याला लागले, तर सुकाणू आणि ब्रेक ही दोन्ही हातची जातात. ठेंगणेपणालाही एक तळ असतो, आणि तो तळ चाकच ठरविते.

आता चाकावर कोरलेल्या अक्षरांकडे वळावे. ‘७ जे × १६, ईटी ४६, ५ × १००’ अशी काहीशी मुद्रा चाकाच्या आतल्या अंगास आढळते. तीपैकी ‘१६’ हा रिमचा व्यास, इंचांत. ‘७’ ही रिमची रुंदी, तीही इंचांत. मात्र ती टायरचे काठ जेथे बसतात त्या दोन बैठकींमधली रुंदी होय, रिमच्या बाहेरच्या काठापासून काठापर्यंतची नव्हे. हे दोन काठ मिळून चाक लिहिलेल्या मापापेक्षा सुमारे एक इंच अधिक रुंद भरते. ‘जे’ हे अक्षर काठाचा आकार सांगते. ‘५ × १००’ म्हणजे पाच बोल्ट, आणि त्यांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास १०० मिलिमीटर.

राहिले ‘ईटी’. हे एका लांबलचक जर्मन शब्दाचे संक्षिप्त रूप असून त्याचा आशय ऑफसेट ह्या शब्दाने आपल्याकडे रूढ झाला आहे. चाकाच्या रुंदीचा बरोबर मध्य काढावा. चाक हबला जेथे टेकते ती बैठक त्या मध्यापासून किती मिलिमीटर दूर आहे, ते अंतर म्हणजे ऑफसेट. बैठक मध्याच्या बाहेरच्या अंगास, म्हणजे रस्त्यावरून दिसणाऱ्या बाजूस असली, की ऑफसेट धन समजावयाचा. आजच्या बहुतेक छोट्या मोटारींचा ऑफसेट असाच धन असतो. हा आकडा वाढला, की चाक गाडीच्या आत सरकते. कमी झाला, की बाहेर येते. येथे पुष्कळांचा गोंधळ होतो, कारण मोठा आकडा म्हणजे अधिक बाहेर अशी मनाची सहज समजूत होते. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे.

आकडे हाताळल्यावाचून ही गोष्ट मनात ठसत नाही, म्हणून एक परिचित मोटार उदाहरणादाखल घ्यावी. फोक्सवॅगन कंपनीचा पुण्याजवळील चाकणचा कारखाना २००९ साली सुरू झाला, आणि तेथे तयार झालेली पोलो २०२२ पर्यंत भारतात विकली गेली. देशभरच्या रस्त्यांवर ती आजही मोठ्या संख्येने दिसते, आणि खाली बसविण्याची हौस असणाऱ्यांची ती विशेष आवडती आहे. तिचे पंधरा इंची चाक सहा इंच रुंद, ऑफसेट ४०. सहा इंच म्हणजे १५२.४ मिलिमीटर, निम्मे ७६.२. बैठक मध्यापासून ४० मिलिमीटर बाहेर असल्यामुळे बैठकीच्या आतल्या बाजूस रिम ११६.२ मिलिमीटर पसरते आणि बाहेरच्या बाजूस ३६.२.

समजा, ह्या गाडीच्या एका हौशी तरुण मालकाला दुकानात साडेसात इंच रुंद आणि ३५ ऑफसेटचे सोळा इंची चाक आवडले. साडेसात इंच म्हणजे १९०.५ मिलिमीटर, निम्मे ९५.२५. त्यात ३५ मिळविले, की आतली बाजू १३०.२५, त्यातून ३५ वजा केले, की बाहेरची बाजू ६०.२५. जुन्या चाकाशी तुलना करता हे चाक आत १४ मिलिमीटर आणि बाहेर २४ मिलिमीटर अधिक जागा मागते. दुकानदाराने ‘ऑफसेटमध्ये पाचाचाच तर फरक’ असे म्हटले असेल, आणि ते खोटेही नाही. पण ऑफसेटचे पाच आणि रुंदीतील दीड इंचाचे अर्धे, ही दोन्ही मिळून बाहेरचा काठ जवळजवळ एक इंच पुढे आला, हे त्या वाक्यात दडून राहते.

ह्याच्या उलट, कारखान्याने स्वतः काय केले ते पाहण्यासारखे आहे. युरोपात ह्याच पिढीच्या पोलोला जे रुंद सोळा इंची चाक दिले गेले, ते सात इंच रुंद आणि ४६ ऑफसेटचे होते. त्याची बाहेरची बाजू येते ४२.९ मिलिमीटर, म्हणजे मूळ चाकापेक्षा केवळ पावणेसात मिलिमीटर अधिक. आणि आतली बाजू १३४.९, म्हणजे पावणेएकोणीस मिलिमीटर अधिक. रुंदी वाढविताना अभियंत्यांनी ऑफसेटही वाढविला आणि वाढीचा मोठा हिस्सा आत ढकलला. रुंदी आणि ऑफसेट ही सुटी सुटी निवडावयाची मापे नसून ती एकमेकांशी बांधलेली आहेत, हे ह्या एका उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

चाक बाहेर आल्याने एवढे काय बिघडते, असा प्रश्न साहजिक आहे. मडगार्डला घासले नाही म्हणजे झाले, असे कित्येकांना वाटते. पण घासणे हा दोष निदान ऐकू तरी येतो. दुसरा एक दोष मुकाट्याने काम करीत असतो. पुढचे चाक वळते ते एका तिरप्या काल्पनिक रेषेभोवती. ही रेषा शॉकॲब्सॉर्बरच्या वरच्या टोकापासून निघून खालच्या सांध्यातून जमिनीपर्यंत पोहोचते. ती जमिनीला जेथे मिळते तो बिंदू, आणि टायर रस्त्याला जेथे टेकतो त्या ठिकाणाचा मध्य, ह्या दोहोंतील अंतर अभियंते फार काळजीने ठरवितात. १९७२ सालच्या आउडी ८० ह्या मोटारीपासून एक विशिष्ट रचना प्रसिद्धीस आली. तीत रेषेचा बिंदू टायरच्या मध्याच्या किंचित बाहेर पडतो. पुढचे एक चाक कोरड्या डांबरावर आणि दुसरे वाळूवर वा चिखलात असताना जोराने ब्रेक दाबला, तर गाडी कोरड्या बाजूकडे ओढली जाते. अशा वेळी ही रचना चाकांना आपोआप विरुद्ध दिशेस किंचित वळवून गाडी सरळ ठेवण्यास साहाय्य करते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या अनेक मोटारींनी पुढे हेच तत्त्व स्वीकारले.

ऑफसेट जितके मिलिमीटर कमी करावा तितके मिलिमीटर टायरचा मध्य बाहेर सरकतो आणि हा बारीक तोल तितकाच ढळतो. येथे रुंदीचा संबंध नाही. रुंदी दोन्ही बाजूंना सारखी वाढते, मध्य हलवितो तो ऑफसेटच. चार-पाच मिलिमीटरांचा फरक गाडी सहन करू शकते. पंधरा-वीस मिलिमीटरांचा फरक झाला, की सुकाणू खड्ड्याखड्ड्याला हातात हिसका देऊ लागते, रस्त्यावरील चाकोऱ्यांमागे धावू लागते, आणि एकाएकी ब्रेक दाबण्याच्या प्रसंगी गाडी जिकडे जाऊ नये तिकडे वळू पाहते. शिवाय चाकाचा भार बेअरिंगपासून दूर गेल्याने तरफेचे बळ वाढते आणि बेअरिंग लौकर झिजते. लांब दांड्याची बादली धरलेला हात जसा लौकर दुखतो, तसाच हा प्रकार.

आता गाडी खाली बसविल्याने काय घडते ते पाहू जावे. पहिली गोष्ट उघडच आहे: चाक मडगार्डच्या कमानीत वर शिरते आणि पूर्वी जेथे नुसती हवा होती तेथे टायर येतो. दुसरी गोष्ट, बहुतेक गाड्यांचे पुढचे चाक वर जाताना माथ्याशी थोडे आत कलते. साठ सेंटिमीटर व्यासाच्या टायरला एक अंश कल आला, तर त्याचा माथा सुमारे पाच मिलिमीटर आत जातो. ह्यामुळे बाहेरची थोडी जागा परत मिळते. पण टायर आतल्या कडेला अधिक झिजतो, आणि दोन्ही चाकांची समांतरता बिघडली तर ही झीज फार वेगाने होते. म्हणून गाडी खाली घेतल्यावर चाकांचे अलाइनमेंट पुन्हा करून घेणे अगत्याचे आहे. तिसरी गोष्ट मागच्या चाकांची. पोलोसारख्या गाडीत मागची दोन्ही चाके एका पिळणाऱ्या आडव्या तुळईने जोडलेली असतात. दोन्ही चाके सारखी वर गेली, तर ती कलत नाहीत. सरळच्या सरळ वर जातात. पुढे जे चाक कमानीत निभावले, ते मागे कमानीच्या काठाला लागते, ह्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

खाली बसलेली गाडी वळणावर अधिक घट्ट धरते, असा एक लौकिक आहे. गुरुत्वमध्य खाली येतो हे खरे. पण पुढच्या चाकांचे खालचे दांडे आडव्याऐवजी वरच्या दिशेने तिरपे झाले, की गाडी ज्या बिंदूभोवती कलंडते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही अधिक खाली जातो. परिणामी, स्प्रिंगा तशाच ठेवल्या तर गाडी कमी कलण्याऐवजी कधी अधिक कलते. म्हणून बेताने खाली घेतलेल्या गाडीला त्या उंचीसाठी मुद्दाम बनविलेल्या कडक स्प्रिंगा लागतात. मूळच्या स्प्रिंगेचा वेढा कापून गाडी खाली आणण्याची जी स्वस्त युक्ती काही ठिकाणी चालते, ती तर घातकच. कापलेली स्प्रिंग चाक खाली लोंबताच आपल्या बैठकीत सैल होते, आणि पुन्हा भार येताना ती जागच्या जागी बसेलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही.

एवढे ध्यानात घेतल्यावर निवडीचा क्रम आपोआप ठरतो: प्रथम गाडीची उंची, मग टायर, मग रिमची रुंदी, आणि शेवटी ऑफसेट. दुकानात होते ते नेमके उलटे. तेथे रुंदी आणि ऑफसेट चाकाबरोबर आयते येतात, त्यांवर टायर ताणून चढविला जातो, आणि कमानीत मावेना म्हणून मडगार्डचे काठ ठोकले जातात.

उंची कायम झाली, की माप घ्यावयाचे ते गाडी स्वस्थ उभी असताना नव्हे. उभ्या गाडीच्या चाकाभोवती जी जागा दिसते ती फसवी असते. चाक कमानीत जास्तीत जास्त वर गेलेले, म्हणजे बंप स्टॉप ह्या रबरी ठोकळ्याला टेकलेले, आणि पुढच्या चाकांच्या बाबतीत स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळविलेले, अशा स्थितीत उरलेली जागाच खरी. चांगला मिस्त्री स्प्रिंग तात्पुरती काढून, जॅकने चाक वर उचलून ही जागा मोजतो. ते शक्य नसेल, तर एक घरगुती उपाय आहे. मडगार्डच्या आतल्या काठावर जागोजाग शाडूच्या ओल्या गोळ्या चिकटवाव्यात, गाडीत पाच माणसे आणि सामान घालावे, आणि गाडी एखाद्या गतिरोधकावरून सावकाश न्यावी. मग मोकळ्या जागी दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहावी. जेथे गोळी चेपली गेली तेथे उरलेली तिची जाडी हीच उरलेली जागा. मात्र ह्या रीतीने चाक अगदी टोकापर्यंत वर जाईलच असे नाही, म्हणून येणाऱ्या आकड्यातून थोडे अधिकच हातचे राखावे.

आतल्या बाजूस पुढच्या चाकाचा शेजारी म्हणजे शॉकॲब्सॉर्बर. तो चाकाबरोबरच वळतो आणि त्याचा खालचा भाग चाकाबरोबरच वर-खाली होतो, त्यामुळे तेथली फट गाडीच्या हालचालीने फारशी बदलत नाही. आतल्या पत्र्याची व प्लॅस्टिकच्या अस्तराची गोष्ट तशी नाही. तेथली फट वळणावर झपाट्याने कमी होते. मागच्या चाकांचे माप वेगळे घ्यावे, आणि पुढचे व मागचे ह्यांपैकी जे अधिक तंग असेल तेच प्रमाण मानावे.

पूर्वीच्या तरुणाचेच उदाहरण पुढे नेऊ जावे. समजा, त्याने गाडी ३५ मिलिमीटर खाली घेतली, आणि मापात बाहेर १५ आणि आत २८ मिलिमीटर मोकळे निघाले. दोन्हीकडे पाच-पाच मिलिमीटर राखून ठेवले, तर वापरावयास बाहेर १० आणि आत २३ मिलिमीटर उरतात, एकूण ३३. दीड इंच, म्हणजे ३८ मिलिमीटर, त्यात मावत नाही. साडेसात इंची चाकाचा प्रश्न येथेच निकालात निघाला. ऑफसेट कोणताही घेतला तरी ते बसावयाचे नाही. एक इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर, मात्र मावतो. तेव्हा रुंदी सात इंच. आता ह्या वाढीचा निम्मा हिस्सा, १२.७ मिलिमीटर, दोन्ही बाजूंना जातो. बाहेर दहाच मिलिमीटर आहेत, म्हणून ऑफसेट ४० वरून निदान २.७ ने वाढवावा लागेल, म्हणजे किमान ४३. आत २३ मिलिमीटर आहेत, त्यांतून १२.७ गेले, उरले १०.३, म्हणजे ऑफसेट ५० च्या पलीकडे जाता कामा नये. उत्तर निघाले: सात इंच, ऑफसेट ४३ ते ५०. कारखान्याचे ४६ ह्या पट्ट्याच्या जवळजवळ मधोमध पडते. प्रत्येक गाडीचे माप निराळे निघेल; पण हिशेबाची रीत हीच राहील. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण चाकांना इतकी तंतोतंत लागू पडेल असे ती प्रथम म्हणणाऱ्याला वाटले नसेल!

टायरचा विचार रिमच्या आधी करावा असे वर म्हटले, त्याचे कारण असे. मूळचा १८५/६० आर १५ हा टायर ६०३ मिलिमीटर व्यासाचा. त्याऐवजी २०५/४५ आर १६ घेतला तर व्यास ५९१ होतो; गाडी आणखी सहा मिलिमीटर खाली येते, आणि वेगदर्शक खऱ्यापेक्षा सुमारे दोन टक्के अधिक वेग दाखवितो. १९५/५० आर १६ चा व्यास ६०१ म्हणजे जवळजवळ मूळचाच. पहिल्या टायरला साडेसहा ते साडेसात इंच रुंदीची रिम योग्य, दुसऱ्याला साडेपाच ते सात इंच. अरुंद टायर फार रुंद रिमवर ताणून बसविला, तर हवा थोडी कमी होताच त्याचा काठ बैठक सोडण्याचा धोका असतो. भाराचाही विचार हवा. मूळच्या टायरवरील ‘८४’ हा अंक प्रत्येकी ५०० किलो भार दर्शवितो. २०५/४५ च्या साध्या टायरवर ‘८३’ असतो, म्हणजे ४८७ किलो. रुंद म्हणून अधिक मजबूत, असे नसते. असा टायर घ्यावयाचाच तर ‘८७’ अंकाचा, ५४५ किलो पेलणारा प्रबलित प्रकार घ्यावा. चाकावरही कमाल भार कोरलेला असतो. तो एका आसावरील अनुज्ञेय भाराच्या निम्म्याहून कमी असू नये.

चाक मापात बसले, तरी ते हबवर नीट बसले पाहिजे. पोलोच्या हबचा मध्यभाग ५७.१ मिलिमीटर व्यासाचा. बाजारातील चाकांचे मधले भोक बहुधा ह्याहून मोठे असते. मधली फट बरोबर मापाच्या कड्याने भरून काढावी, नाही तर वेगात स्टिअरिंग थरथरते. फोक्सवॅगनच्या मूळच्या बोल्टचे बूड गोलाकार असते, तर बाजारातील बऱ्याच चाकांना शंकूच्या आकाराचे बूड लागते. हे दोन प्रकार एकमेकांच्या खोबणीत काठावरच टेकतात आणि हळूहळू सैल होतात. बोल्ट १२० न्यूटन-मीटरच्या बळाने आवळावेत, आणि पन्नास-शंभर किलोमीटर गाडी चालल्यावर पुन्हा तपासावेत. ब्रेकचा कॅलिपर चाकाच्या आऱ्यांना लागत नाही ना, हेही फिरवून पाहावे. ऑफसेट बरोबर असूनही आऱ्यांच्या आकारामुळे हा अडथळा येऊ शकतो. हबवर चकती घालून चाक बाहेर काढणे म्हणजे ऑफसेट तितकाच कमी करणे, आणि तेथे बोल्टही तितकेच लांब लागतात, हे विसरू नये.

राहता राहिला आपला रस्ता. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येचा असावा. सुमारे अडीच मीटर अंतरावर चाके असलेली गाडी त्याच्या माथ्यावर आली, तर दोन्ही चाकांमधला उंचवटा तिच्या पोटाकडे केवळ ४६ मिलिमीटर चढतो. नियमाने बांधलेला गतिरोधक बेताने ठेंगण्या गाडीचा वैरी नव्हे. वैरी आहेत ते गल्लोगल्ली डांबराचा ढीग ओतून उभारलेले उंचवटे, आणि पावसाळ्यातले खड्डे. टायरची भिंत १११ मिलिमीटरांवरून ९२ वर आली, की खड्ड्याचा घाव सरळ रिमवर बसतो.

कायद्याची बाजूही ध्यानात असावी. १९८८ च्या मोटारवाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने वाहनाच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन घातले आहे. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. गाडी खाली घेणे हेदेखील ह्या कक्षेत येऊ शकते. म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करावी, विमा कंपनीस लेखी कळवावे, आणि उत्पादकाने मान्य केलेल्या मापांच्या जवळपास राहावे. युरोपातील एक नियम स्वतःची परीक्षा घेण्यास उपयोगी आहे. चाकाच्या मध्यापासून पुढे ३० आणि मागे ५० अंशांपर्यंतच्या भागात मडगार्डने चाकाची संपूर्ण रुंदी झाकली पाहिजे, असे तो सांगतो. जे चाक ह्या परीक्षेत नापास होते ते पावसात मागच्या दुचाकीस्वाराच्या तोंडावर चिखल उडविते. ज्याची हौस त्याला, पण भुर्दंड दुसऱ्याला, असे होऊ नये.

हौसेला मोल नसते असे म्हणतात, आणि सुबक बसलेली मोटार डोळ्यांना गोड दिसते हेही खरे. पण चाकाचे माप काढताना तरुणाने डोळ्यांपुढे आणावयाची ती रिकामी, धुऊन पुसून उभी केलेली गाडी नव्हे. आईवडील मागे बसले आहेत, सामान भरले आहे, घाटात पाऊस लागला आहे आणि वळणावर अचानक म्हैस आडवी आली आहे, अशा क्षणीची गाडी त्याने पाहावी. त्या क्षणी स्प्रिंग पूर्ण दबलेली असेल, स्टिअरिंग वळलेले असेल, ब्रेक पूर्ण दाबलेला असेल. त्या स्थितीत चाकाला कोठेही आडकाठी होणार नसेल, तर ती निवड बरोबर आहे. लोहाराने घेर मोजून धाव चढविलेले चाक खडकावरून गेले तरी निखळत नाही. तितकाच भरवसा ज्या चाकाबद्दल देता येईल, तेच विकत घ्यावे.